शेजारणीला विचारून या

दफेदार कुत्रं बघायला जात, तेव्हा पहिला अर्धा तास कुत्र्याकडे बघतच नसत. मालकाच्या ओट्यावर बसत, पाणी मागत, जोंधळ्याच्या गोष्टी काढत. कुत्रं आपण होऊन जवळ यायचं, त्यांचे जोडे हुंगायचं आणि लांब जाऊन बसायचं. मग दफेदार एकदाच मान वळवत आणि नखापासून कानापर्यंत त्याला बघून घेत. "आधी त्येला आपल्याला बघू द्यावं," म्हणत. "सोयरीक हाय ही. घाई करून न्हाई जमायची."

घोडदळात त्यांची नोकरी झाली होती. घोडे गेले, रणगाडे आले, आणि दफेदार मिरजगावपासून कोसभरावरच्या आपल्या गावी परतले. बायको नव्हती. मेलेल्या भावाची मुलगी शांता तेवढी घरात होती, ती त्यांना तात्या म्हणे. मी नगरहून तिथल्या शाळेवर नेमणूक घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी पुढची खोली मला भाड्याने दिली आणि पहिल्याच रविवारी सायकल काढायला लावली. त्यांना अस्सल कारवानी कुत्र्यांची वीण सुरू करायची होती. लांब तोंडाचा, बारीक कमरेचा हा कुत्रा पूर्वी आमच्या भागात बराच दिसे, पण गावठी कुत्र्यांत मिसळून तो आता पुसट होत चालला होता. दफेदारांचे नियम ठरलेले होते. मादीला वर्षातून एकदाच विऊ द्यायचं, भावाबहिणीची जोडी लावायची नाही आणि पिल्लू विकायचं नाही, माणूस बघून द्यायचं. "पन मूळ मादी निरोगी पायजे," ते म्हणत. "मुळातच खोट असली तर पुढं आपुन काय बी करा, ती खोटच वाढवत बसनार."

ती मूळ मादी काही सापडेना. दीड वर्ष आम्ही कर्जत-जामखेडची धूळ खाल्ली. एकीचा वरचा जबडा पुढे होता. एक देखणी होती, पण दफेदारांनी मुद्दाम काठी पाडली तर ती पळून कणगीमागे लपली. एकीत सगळं चांगलं होतं, तर तिचे आईबाप भाऊबहीण निघाले. प्रत्येक वेळी दफेदार मालकाला रामराम करून उठत आणि मला नुसतं "चला" म्हणत. त्या 'चला'चा मला पुढे पुढे राग येऊ लागला. उन्हातून पंधरा मैल सायकल हाकल्यावर नकार घेऊन परतायचं, आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर कंटाळ्याची रेघसुद्धा नसायची.

त्यांचा सगळ्यात मोठा नियम शेजाऱ्याचा होता. मालकाचं ऐकायचं, पण ठरवायचं ते शेजाऱ्याला विचारून. "मालक खोटं बोलत न्हाई," ते म्हणत, "पन इसरतो. शेजारी इसरत न्हाई." हे काम माझ्याकडे होतं. दफेदारांच्या मिशा बघून बायाबापड्या बुजत. शाळामास्तर म्हटल्यावर मात्र कुणीही घोंगडी टाकी आणि मनातलं सांगे. मी जे ऐकून येई त्यावर दफेदार डोळे झाकून विश्वास ठेवत.

हरणी मी शोधली. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मिरजगावच्या बाजारात एका मेंढपाळामागे ती चालताना मला दिसली आणि मी तिच्या मागे मागे त्याच्या वस्तीपर्यंत गेलो. पुढच्या रविवारी दफेदारांना घेऊन गेलो. हरणी आली, जोडे हुंगले, लांब बसली. काठी पडली तेव्हा तिने फक्त कान उभे केले. दफेदारांचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी मालकाला तिच्या आईविषयी विचारलं. "आडात पडून मेली," तो म्हणाला. दफेदारांनी माझ्याकडे बघितलं. मी शेजारच्या खोपटाकडे गेलो.

शेजारची म्हातारी वाकळ शिवत बसली होती. "कुत्री गुनाची हाय," ती म्हणाली. "हिच्या आईला मातर फेफरं यायचं. वरीस-दीड वरसाची हुती, तवापासनं. पाय खोडायची, तोंडाला फेस यायचा. तशातच आडात गेली बघा."

खोपटापासून ओट्यापर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील. तेवढ्या वाटेत मी ठरवलं. हरणी माझी होती, माझ्या डोळ्यांनी टिपलेली. पुन्हा तो 'चला' ऐकायची माझी तयारी नव्हती. दफेदारांनी विचारलं, "काय म्हनत्यात?"

"आडातच पडली म्हणे," मी म्हणालो. "कुत्री गुणाची आहे."

यातला शब्दनशब्द म्हातारीचा होता, आणि याचीच मला जास्त लाज वाटते. सरळ खोटं बोलण्याचीसुद्धा माझी छाती नव्हती.

हरणीला सहा पिल्लं झाली. त्यांचा बाप दफेदारांनी आणखी चार महिने हिंडून निवडला होता. दुष्काळ पडला तेव्हा घरात रेशनच्या मिलोच्या, त्या लाल परदेशी जोंधळ्याच्या भाकरी होत. दफेदार आपली एक भाकरी कमी करत आणि तो तुकडा हरणीपुढे टाकत. पाच पिल्लं त्यांनी पाच घरी दिली. देण्याआधी त्या घरांच्याही शेजाऱ्यांकडे मला पाठवलं. तिथे मी इमानाने चौकशी केली, तिथे माझं काही अडत नव्हतं.

दीड वर्षाने जामखेडकडून कार्ड आलं. पिल्लू पाय खोडतं, तोंडाला फेस येतो. महिन्याभरात दुसऱ्या घरून तसाच निरोप आला, आणि मग दफेदारांनी स्वतःजवळ ठेवलेला राजा भर दुपारी अंगणात कोसळला. दफेदारांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि झटका ओसरेपर्यंत ते त्याच्या कानात हळूहळू बोलत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते एसटीने पाचही घरी गेले. प्रत्येक दारात हात जोडून म्हणाले, "ह्याची वीण करू नका. चूक माझी हाय." हरणीलाही त्यांनी पुन्हा विऊ दिलं नाही. मी प्रत्येक घरी त्यांच्याबरोबर होतो. पिशवी मीच धरली होती.

परतताना कर्जतच्या स्टँडवर ते म्हणाले, "मास्तर, माझी नजर गेली. येवडं बघूनशान बी मला दिसलं न्हाई."

मी काय करावं? मी त्यांची समजूत घातली. "होतं असं कधी कधी, दफेदार," मी म्हणालो. "कुणाला तरी आधी कळतं का?" ते माझ्याकडे कृतज्ञतेने बघून हसले. ते हसणं मला आजही नको वाटतं.

त्यानंतर त्यांनी कुत्री बघायला जाणं सोडलं. बैल घ्यायचा झाला तरी दुसऱ्याला विचारत. शांताला सुप्याचं स्थळ आलं तेव्हा मला म्हणाले, "मास्तर, तुमी जा. शेजारीपाजारी इचारा. माझं काय खरं न्हाई आता, तुमच्यावर इस्वास हाय." मी सुप्यात दोन दिवस राहिलो. आळीतलं एकही घर सोडलं नाही. मुलगा तंबाखू खातो, एकदा आईवर ओरडला होता, लहानपणी त्याला कांजण्या आल्या होत्या, सगळं येऊन सांगितलं. दफेदार म्हणाले, "कांजन्या बी इचारल्या व्हय?" आणि लग्न ठरवलं. त्या दिवशी मी सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली, आणि तीन वर्षांनी दफेदार गेल्याचं शांताचं पत्र आलं.

मागच्या वर्षी शांताने मला सुप्याला बोलावून घेतलं. तिच्या नातीला मिरजगावकडचं स्थळ आलं होतं. मला चहा देत ती म्हणाली, "तुमीच जाऊन या मास्तर. तात्या म्हनायचे, मास्तर शेजाऱ्याचा शब्द न शब्द आनून देत्यात."

कप खाली ठेवून मी तिला म्हातारीने जे सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, फेफऱ्यासकट. पन्नास वर्षं उशिरा. शेवटी म्हणालो, "तात्यांची नजर गेली नव्हती, शांता. त्यांना मी दिसू दिलं नाही."

तिने माझा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तात्यांनी मरस्तवर पुन्यांदा कुत्रं पाळलं न्हाई. दारात यिऊन बसलं तर भाकर टाकायचे, पन त्याच्याकडं बघायचे न्हाईत."

मी उठलो. चप्पल घालत होतो तेव्हा ती म्हणाली, "उद्याचं जायाचं हाय ते जाऊ. पन मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. मुलाच्या घरच्यांचा चहा झाल्यावर शांता शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसली. विचारलं तिनेच. मी अंगणात उभा राहिलो.