भावजयीच्या तासाची पिशवी

माझी भावजय शाळेत शिवण शिकवते. तिला शिवण येत नाही. हे मी जळून बोलते असं माझा भाऊ म्हणतो. जळून बोलतेच, पण म्हणून ते खोटं ठरत नाही. लग्न होऊन आली तेव्हा सुईत दोरा ओवायला तिला मी शिकवलं. शिवणाचं दुकान माझं, हात माझा. आणि रस्त्यात चारचौघांत "बाई, बाई" करत पोरी झेपावतात कोणाच्या अंगावर? तिच्या.

नुसत्या शाळकरी पोरी नाहीत, शाळा सोडून वर्षं झालेल्या चांगल्या लेकुरवाळ्या बायकासुद्धा. तिच्या वर्गात दोघींनी मिळून एकच पिशवी शिवायची असते, एक बाजू हिची, एक बाजू तिची. झाली की एक आठवडा हिच्याकडे, एक तिच्याकडे. परवा अशाच दोघी माझ्या दुकानात आल्या. दोघींच्या कडेवर पोरं, आणि वाद कशावरून, तर त्या विटक्या पिशवीची पाळी या आठवड्यात कोणाची! मी शाळेत होते तेव्हाच्या माझ्या वर्गातल्या एकीचंही तोंड मला धड आठवत नाही. पिशवीची टीप वाकडी होती, ती मी त्यांना दाखवलीसुद्धा. दोघी हसत सुटल्या.

वर्गाचा आणखी एक नियम आहे. आपली वाकडी टीप आपण उसवायची नाही, जोडीदारणीनं उसवायची.

"हा काय उलटा कारभार?" मी एकदा विचारलं.

"ताई, आपली चूक दुसरीच्या हातात द्यायची. ती हसत नाही हे एकदा कळलं, की पोरी आपणहून बोलायला लागतात."

मोठी आली शहाणी.

यंदा माझी लेक तिच्या वर्गात गेली. लेक अबोल. शाळेत तोंडातून अवाक्षर नाही, पण घरी आली की माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसून दिवसभराचं सगळं मला सांगणार. मैत्रीण म्हणून तिला मी होते आणि मला ती. भावजयीनं तिची जोडी लावून दिली एका झिपरीशी. केसांना फणी माहीत नाही आणि तोंडाला विश्रांती नाही. थोड्याच दिवसांत स्टूल रिकामं राहायला लागलं. "आज काय झालं गं?" विचारावं तर उत्तर, "काही नाही. तिला सांगितलं सगळं." एवढ्याशा झिपरीवर जळायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं, पण आली.

मग एक दिवस लेक पिशवीची आपली बाजू घरी घेऊन आली. टीप पार नागमोडी गेलेली.

"आई, नीट करून दे ना. तिची किती छान झालीय."

मी टपूनच बसले होते. उसवली, मशीनवर घातली आणि अशी सरळ टीप मारली की बघत राहावं. झिपरीनं दुसऱ्या दिवशी ती बघितली आणि बाकावर टाकून दिली. "मी हसले असते असं वाटलं ना तुला? मग आईशीच जोडी लाव," म्हणाली. तेव्हापासून अबोला.

लेक पुन्हा स्टुलावर येऊन बसली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पण ती बोलायची तेही झिपरीबद्दलच. आज ती कोणाशेजारी बसली, डबा कोणाबरोबर खाल्ला. पुढे तेही थांबलं. मशीन चालू असलं की पोर रडायची, मशीन थांबलं की डोळे पुसून गप्प.

तणतणत भावजयीकडे गेले. "तुझ्या नियमापायी पोर रडतेय. तुझं तू निस्तर."

"टीप तुमची आहे, ताई. मी त्यांना काय सांगू?"

"बरं, उसवते."

"तुम्ही नाही. आपली आपण उसवायची नाही."

अशी चीड आली तिची! तरी ते कापड घेऊन झिपरीच्या दारात गेलेच.

"हे मी शिवलंय," म्हटलं. "चुकलं माझं. उसवून देशील?"

तिनं दोन्ही बाजूंनी ताणून बघितलं. "काकू, फारच घट्ट शिवलंय हो."

"हो ना. एकटीला जमणार नाही. आमच्याकडे ये."

आली. माझ्याच दुकानात, माझ्याच चटईवर दोघी कापडाची एकेक कड धरून बसल्या. आधी नुसताच दोरा तुटत होता. मग झिपरी काहीतरी पुटपुटली, लेक फिसकन हसली. काय झालं बघायला मी वाकले, तशा दोघी गप्प.

"आई," लेक म्हणाली, "तू जरा आत जा ना."

माझ्या दुकानातून, मला! चालू काम मशीनवर तसंच टाकून आत गेले, आणि दाराआड उभी राहिले. लेक भडाभडा बोलत होती. शब्द न् शब्द ऐकू येत होता, आणि त्यातलं एक अक्षरही तिनं मला सांगितलेलं नव्हतं. पुढचं ऐकायला जीव नुसता तडफडत होता. कडी धरली आणि दार मीच लावून घेतलं.