जिवंत मुलं किती?

दुपारी जेवण झाल्यावर मी आडवी होते ती झोप आली म्हणून नाही, राग आला म्हणून. सदुसष्टाव्या वर्षी एवढा राग उभ्याने निभत नाही. डोक्यावर पंखा फिरतोय, मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू आहेत. इचलकरंजीत मागांच्या आवाजाने कुणाची झोप मोडत नाही, ते बंद पडले तर मोडते. माझ्या कानात मात्र अजून लेकीचा आवाज आहे. ऋजुता पुण्याहून बोलत होती. तिला तिसरं होणार आहे. ठरवून नाही, पण आता हवंय म्हणाली. पहिल्या दोघांच्या वेळी तिच्या सासूबाईंनी सगळं केलं, आता त्यांचे गुडघे गेलेत. "आई, बाळंतपणाला तू येशील का? एवढंच सांग."

मी चौतीस वर्षं आरोग्य खात्यात नर्स होते. भर उन्हात सायकलवरून खेडी पालथी घातली, बायकांच्या सासवांशी भांडले, 'दोन झाली, आता बास' हे इतक्या वेळा म्हटलं की झोपेतही म्हणायची, असं आमचे हे सांगायचे. मी स्वतः एकीवर थांबले. आणि तीच एक आता मला तिसऱ्याच्या बाळंतपणाला बोलावते! "मी येणार नाही," म्हटलं. वर हेही म्हटलं, "शोभतेस खरी तुझ्या आजीची नात." हे मी शिवीसारखं म्हटलं. तिलाही ते शिवीसारखंच लागलं, कारण तिने फोन ठेवला.

डोळे मिटतात. मागांचा आवाज आधी भिंतीपलीकडून येतो, मग भिंतीतून, मग उशीतून. मी कूस बदलते तर हाताखाली उशी नसते, टेबल असतं. लाकडी, एक पाय आखूड असलेलं, खाली कागदाची घडी घातलेलं. हे माझ्या उपकेंद्रातलं टेबल आहे. माझ्या अंगावर पांढरी साडी आहे. व्हरांड्यात बाकावर बायकांची रांग लागलेली आहे आणि मी ओरडते, "चला, पुढे कोण?"

पुढे आई येते.

आई जाऊन बावीस वर्षं झाली. दारात चप्पल काढून ती आत येते, पदर खांद्यावरून घट्ट ओढून स्टुलावर बसते आणि इतर बायका बघतात तशीच माझ्याकडे बघते, सरकारी माणसाकडे बघावं तशी. मला हसू येतं आणि भीतीही वाटते. पण पेन हातात आहे आणि कागद समोर आहे, म्हणून सवयीने मी विचारते, "नाव?"

"तुला ठाव न्हाई व्हय?"

"फॉर्म भरायला लागतो आई. नाव सांग."

"अनसूया गणपती होगाडे."

"वय?"

"लिव्ह तुला काय वाटंल ते. तुमच्या शाळंच्या मास्तरानं न्हाई का, सगळ्यास्नी एक जून लावला."

हे खरं आहे. आम्हा नऊही भावंडांचा वाढदिवस कागदोपत्री एक जूनला येतो. आमचे आबा आम्हाला शाळेत घालायला नेत, मास्तर तारीख विचारत, आबा आभाळाकडे बघत, आणि मास्तर एक जून लिहीत. त्या हिशेबाने मी आणि माझा धाकटा भाऊ जुळेच ठरलो असतो, म्हणून मास्तरांनी निदान साल तरी वेगळं घातलं.

पुढचा रकाना येतो. जिवंत मुलं किती? मी विचारत नाही. मला माहीत आहे. 'नऊ' लिहिते आणि वर बघते तर आई कागदाकडे बघत असते. तिला अक्षर कळत नव्हतं, आकडे कळायचे.

"माझ्यावर रागावलीस?" मी विचारते.

"कशापायी?"

मला कशापायी ते सांगायचं असतं, पण टेबल आता माझ्या कमरेइतकं उंच झालेलं असतं आणि त्यावर माइक असतो. हे तालुक्याच्या पंचायत समितीचं सभागृह आहे. माझ्या गळ्यात हार आहे, हातात शाल आहे, समोर दोनशे माणसं आहेत. सत्त्याऐंशी साल आहे. जिल्ह्यात सगळ्यात जास्त बायकांना थांबायला पटवणारी नर्स म्हणून माझा सत्कार आहे. आईला मी स्वतः रिक्षाने आणून पहिल्या रांगेत बसवलेलं आहे, नव्या हिरव्या लुगड्यात.

आणि मी बोलत असते. पुढचं वाक्य मला माहीत असतं. ते तोंडातून येऊ नये म्हणून मी ओठ दाबते, तरी माइकमधून ते येतंच. "उदाहरण लांब कशाला शोधायचं? माझीच आई बघा. नऊ मुलं! माझ्या अक्काची शाळा चौथीत सुटली, कारण कडेवर कुणीतरी होतंच. आम्हाला दूध म्हणजे चहात घालायची वस्तू. जन्म दिला, पण वाढवलं कुणी? अक्कानं!" टाळ्या पडतात. हे वाक्य मी गावोगाव वापरून घासून गुळगुळीत केलं होतं. बायका हमखास डोळ्यांना पदर लावायच्या. त्या दिवशी फक्त आई समोर बसली होती आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही. खरं सांगायचं तर लक्षात आलं होतं. पण टाळ्या कुठे पडतात हेही लक्षात होतं.

आई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असते.

मी माइक सोडून खाली उतरते. खुर्च्यांच्या मधून जायला वाट नसते, तरी मी तिच्यापाशी पोचते. "का वाजवल्यास टाळ्या? तुला ऐकू आलं नव्हतं का?"

"आलं की. काय बहिरी हुते मी?"

"मग?"

"सगळी वाजवत हुती. आनि माझी पोरगी माइकवर बोलायली, मी काय हात बांधून बसू?"

मी रडते. स्वप्नात रडायला वेळ लागत नाही. "आई, मला माफ कर. पण मी खोटं नव्हते बोलत. अक्काचं खरंच वाटोळं झालं."

"झालं," आई म्हणते. "त्येवढं चुकलंच माझं. अक्काला सांगून आले मी आधी, मग तुझ्याकडं आले."

अक्का गेल्या श्रावणात गेली. त्या दोघींचं काय बोलणं झालं असेल, ते विचारायचं मला धाडस होत नाही. आई हात धरून मला उठवते. सभागृहाच्या पायऱ्या उतरलो की आमच्या चाळीची गल्ली लागते. सगळ्या खोल्यांतून मागांचा आवाज येतोय आणि दारादारांत बायका बसून कांड्या भरताहेत. सूत गुंडाळलं जातं, चाक फिरत राहतं. आई प्रत्येक दारात थांबते, प्रत्येकीला सांगते, "ही माझी शालन. सरकारात हाय." मला शरम वाटते आणि बरंही वाटतं.

"तुला थांबायचं नव्हतं का गं कधी?" मी चालता चालता विचारते. हा प्रश्न मी हजारो बायकांना विचारला होता. तिला कधी विचारला नव्हता.

"मला कोन इचारलं? तू दुसऱ्यांच्या दारात जायचीस. माझ्या दारात नर्सबाई आली तवा मी म्हातारी झालते." ती हसते. "आनि आली असती येळेवर, तर तू कुठनं आली असतीस?"

हे मला बायकाही ऐकवायच्या. त्यांच्यासाठी माझं उत्तर तयार असायचं: 'नसते आले तर नसते आले, जगाचं काय अडलं असतं?'

"तरी माझं मत तेच आहे आई. नऊ म्हणजे फार झाली."

"फारच की. मी कुठं न्हाई म्हंते?" ती थांबते. "पर तुझं एक चुकलं. त्या दिशी बी चुकलं, आज बी चुकलं."

"काय?"

"नऊ न्हाईत. अकरा."

गल्लीतले माग एकदम बंद होतात. मला कळतं ती काय म्हणते ते. आमच्या घरी कधीतरी, कुणाच्या तरी बोलण्यात, गेलेल्या दोघांचा उल्लेख यायचा. तिसऱ्या नंबरची एक मुलगी, दीड वर्षाची होऊन गेली. आणि माझ्या आधीचा एक मुलगा. आम्ही कधी विचारलं नाही. आमच्या फॉर्मवर रकाना जिवंत मुलांचा होता. मी चौतीस वर्षं तोच रकाना भरला, आईच्या बाबतीतसुद्धा.

"दोनशे मानसांसमोर बोललीस," आई म्हणते. "मला वाटलं, आता तरी म्हनशील अकरा. तुला माइक हुता. माझं बोलनं कोन ऐकतं?"

मला तिच्या पायांवर डोकं ठेवायचं असतं. मी वाकते तर पाय उघडे आणि लांब केलेले असतात. आई न्हाणीत पाटावर बसलेली आहे. चुलीवर पाण्याचा हंडा आहे, धूर डोळ्यांत जातोय. तिच्या नडग्यांवर एक बाळ पालथं आहे, मुठीएवढं डोकं, तांबडी पाठ. आई त्याला डाळीचं पीठ आणि साय चोळते आहे. तिचा हात पाठीवरून खाली येतो, मांडीवरून फिरून तळव्यापर्यंत जातो. ऋजुता झाली तेव्हा तिने असंच केलं होतं. सत्काराला पुरं वर्षही झालं नव्हतं. न बोलावता पिशवी घेऊन आली, दीड महिना राहिली, रोज सकाळी माझ्या लेकीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. मी बाजूला उभी राहून सूचना करायची: पाणी गरम आहे, नाकात जाईल, पुस्तकात असं लिहिलंय. ती एक शब्द बोलली नाही.

"हा कोण?" मी विचारते.

"तुझ्या आधीचा."

"नाव काय त्याचं?"

"बारशाआधीच गेलं. नाव कुठनं?" ती तांब्याने पाणी घेते, हात आडवा धरून बाळाच्या कपाळावरून ओतते, थेंबही डोळ्यात जात नाही. "ह्यो गेला आनि वरसात तू आलीस. तुला अंगावर घ्यायची तर मला भ्या वाटायचं. म्हनून अक्काकडं दिलं तुला. वाढवलं न्हाई म्हनतीस ते बरोबर हाय तुझं."

साठ वर्षं मला वाटत आलं की माझा नंबर येईपर्यंत आईचं प्रेम संपलं होतं.

"सरक," आई म्हणते. "बस हितं. पाय लांब कर."

"मला येत नाही."

"शेकड्यांनी बाळंतपनं केलीस आनि म्हंतीस येत न्हाई?"

"बाळंतपणं केली. अंघोळ घरची माणसं घालायची."

"मग आता घरची हो."

मी साडी गुडघ्यापर्यंत ओढते आणि पाटावर बसते. ती बाळ माझ्या नडग्यांवर ठेवते. ते गरम आहे, वजन आहे त्याला. "मानंखाली हात घाल. असा. दुसऱ्या हातानं चोळ. भिऊ नगं, पोरं एवढी नाजूक नसत्यात." मी चोळते. पीठ आणि साय माझ्या बोटांतून, त्याच्या पाठीवरून, माझ्या पायांवर उतरते. बाळ एकदा कण्हतं आणि गप होतं.

"माझ्या ऋजुताला तिसरं होणार आहे," मी म्हणते.

आई उठलेली असते, पदर कमरेला खोचत. "ठाव हाय," ती म्हणते. "मग कुनीतरी पानी तापवायला पायजे न्हवं?" आणि ती दारातून बाहेर जाते. बाहेर कुणीतरी रडत असतं, तिच्या घरी नेहमी कुणीतरी रडत असायचंच, आणि ती तिकडे जाते.

जाग येते तेव्हा चार वाजून गेलेले आहेत. पंखा फिरतोय, माग चालू आहेत. साडी गुडघ्यापर्यंत वर सरकलेली आहे. ती खाली ओढायला जाते तर नडग्यांवर हाताला काहीतरी लागतं. पिवळसर, ओलसर, कडांना वाळून तडकलेलं. नखाने खरवडते, बोटांत चोळते, वास घेते. डाळीचं पीठ आणि साय. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यापासून दोन वर्षं माझ्या घरात डाळीचं पीठ आलेलं नाही.

मी ते पुसत नाही. तशीच पाय लांब करून बसते आणि फोन लावते.

ऋजुता लगेच उचलते. मीच बोलते. "तिसरं नको होतं असं माझं मत आहे. ते बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. आधी ते ऐकून घे."

"ऐकलं," ती म्हणते. आवाज बसलेला आहे. दुपारभर रडली असणार.

"आणि आजीची नात म्हटलं ते मागे घेते. म्हणजे, नात आहेसच तू तिची. पण मी ज्या अर्थाने म्हटलं ते मागे घेते."

पलीकडे ती नाक ओढते. मग ती विचारते, "आई, तू येणार आहेस?"

"आठव्या महिन्यापासून येते. बाळाला पायावर घेऊन अंघोळ मी घालणार. तुमचा तो प्लास्टिकचा टब मला चालणार नाही."

"तुला कुठे येतं?" रडता रडता ती हसते. "मला तर आजीने घातलेली ना? तूच सांगितलंयस, तू नुसती बाजूला उभी असायचीस."

"येतं," मी म्हणते. "आत्ता दुपारीच शिकले."