बोटीपर्यंतची सोबत

केसानं गळा कापणं हा वाक्प्रचार मला शाळेत पाठ होता. त्याचा वाक्यात उपयोग कसा करतात, ते मात्र कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी माझ्या मैत्रिणीनं करून दाखवलं. इतकी वर्षं झाली, पण राग म्हणाल तर अजून ताजा आहे. लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जावं. त्यांच्या वाट्याला असलं काही आलेलं नसतं, म्हणून म्हणतात.

पन्नासच्या दशकातलं मुलुंड. आम्ही पूर्वेला राहायचो, ती पश्चिमेला, स्टेशनपलीकडे. पूर्वेला घरं संपली की मिठागरं लागायची, आणि मिठागरांचे बांध पायाखाली घट्ट, सरळ आणि लांब. तिथं आम्ही दोघी पहाटे धावायचो. हाफपँटवर साडी गुंडाळून घरून निघायचं, बांधावर पोचलं की साडी सोडून घडी करून दगडाखाली ठेवायची आणि सुटायचं. मिठागरावरचे मजूर सुरुवातीला टकामका बघायचे, मग त्यांनाही सवय झाली. येताना पुन्हा साडी. घरी सगळ्यांना माहीत होतं, पण रस्त्यानं तसं जायचं नाही, असा नियम होता.

आमची शर्यत रिलेची. तिच्या हातातून बॅटन माझ्या हातात यायचं. बॅटन कॉलेजात, आमच्याकडे आईचं लाटणं. आई म्हणायची, तुमचं धावणं होईपर्यंत पोळ्या काय हातानं थापू? पण द्यायची. रिलेत एक गोष्ट पक्की शिकवतात. घेणारीनं मागे वळून बघायचं नाही. हात मागे पसरायचा आणि पळत राहायचं. देणारी 'घे' म्हणाली की मूठ मिटायची. मी कधी वळून बघितलं नाही.

त्या वर्षी युरोपात जगभरच्या विद्यार्थ्यांच्या क्रीडास्पर्धा होत्या. मुंबईच्या कॉलेजांमधून एक पथक जाणार होतं, त्यात मुलींची रिलेही होती. पाच जणी निवडल्या, चार धावणाऱ्या आणि एक राखीव. पाचांत आम्ही दोघी होतो. बोटीनं जायचं, परदेश बघायचा, देशाच्या नावाचा बनियन घालून धावायचं! मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. आईनं स्वेटर विणायला घेतला. मुंबईत स्वेटर म्हणजे उशीखाली ठेवायची वस्तू, पण आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका त्याची एकेक वीत विणून गेल्या. मामानं त्याची चामडी बॅग दिली, दोन पट्ट्यांची.

तिच्या घरी मात्र सरळ नाही म्हणाले. तिचे वडील, आबा, मूळचे मालवणकडचे, परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मजुरांवरचे मुकादम. माणूस उंच, आवाज मोठा, आणि हाताखालच्या विणकरांवर जसा वचक तसाच घरात. पण एक होतं. कुणाच्याही हातात ओझं बघवायचं नाही त्यांना. बाजारातून मी पिशवी घेऊन येताना दिसले की न विचारता हातातून काढून घेत आणि आमच्या दारापर्यंत आणून देत. पोरीच्या जातीनं ओझी उचलू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं. पण पोरीच्या जातीनं साता समुद्रांपलीकडे एकटं जायचं, हे त्यांना पटेना.

ती रडून रडून बेजार. तेव्हा कोण उठलं? मी. खेळाच्या बाईंना जाऊन सांगितलं, ती नसेल तर मीही येणार नाही. बाई चिडल्या, पण माझ्याबरोबर आबांकडे आल्या. मी आबांना म्हटलं, ती माझ्या नजरेबाहेर जाणार नाही, एका केबिनमध्ये राहू, एका ताटात जेवू. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "तू आसशीत तर जाव दे." आणि मला दोनदा बजावलं, तुझ्या भरवशार धाडतंय हां गो.

म्हणजे तिची परवानगी माझ्या पायावर उभी होती. आणि नेमका तोच पाय.

महिनाभर आधी बांधावरच्या ढेकळावरून माझा घोटा मुरगळला होता. घरी कळलं असतं तर सराव बंद झाला असता, म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त तिला. तीच आंबेहळद उगाळून लावायची, फडक्यानं बांधायची, आणि शपथ घालायची की अजिबात काळजी करू नकोस, मी आहे ना. आठवडाभरात पाय झकास झाला. मी विसरूनही गेले.

मग तिकडून कळवलं गेलं की रिलेसाठी चारच मुलींची सोय होईल. बाईंनी आम्हा पाच जणींना पुन्हा पळवलं. मी दुसरी आले, ती शेवटची. मला वाईट वाटलं तिच्यासाठी, खोटं कशाला बोलू, खरंच वाटलं. घरी येताना मी तिची समजूत घालत होते आणि मनात ठरवत होते की बाईंच्या पाया पडून काहीतरी मार्ग काढायचा. ती गप्प होती. मला वाटलं, दुःखानं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला एकटीला बोलावलं. पाय मुरगळला होता का, विचारलं. मी म्हटलं हो, पण बरा झाला, काल तुमच्यासमोरच धावले ना. बाई म्हणाल्या, तिथं नेल्यावर पुन्हा सुजला तर चौघी बाद होतील, राखीवही नाही आता. त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. मी खोलीबाहेर आले तेव्हा मला एवढंच कळत होतं की ही गोष्ट दोनच माणसांना माहीत होती. त्यातली एक मी.

ती चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी दुपारी आली, आई देवळात गेलेली बघून. मी विचारलं, बाईंना तू सांगितलंस?

"मी शेवटची आले होते गं," ती म्हणाली. "तुला पुढच्या वेळी मिळेल. मला आबा पुन्हा सोडणार नाहीत."

तिच्या म्हणण्यात काही खरं नव्हतं असं नाही, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. शुद्ध खोटं बोलली असती तर दोन थोबाडीत देऊन मोकळी झाले असते. पण ती एवढ्यावर थांबलेली नव्हती. तिनं माझा हात धरला आणि खरं काम सांगितलं. आबांना अजून काही माहीत नाही. तू येत नाहीस हे कळलं तर ते मला धक्क्यावरून परत नेतील. तेव्हा तू बॅग घेऊन ये. निघाल्यासारखी ये. मी बोटीवर चढले की गर्दीत मागच्या मागे निघून जा, आणि मी परत येईपर्यंत आबांच्या नजरेस पडू नकोस.

जागा माझी घेतली, ती घेतली, आता सोबतही माझीच पाहिजे! वर मला शिकवून गेली, बॅगेत काहीतरी कोंब हां, हलकी लागायला नको.

मी हो म्हटलं. ती गळ्यात पडली. तिला काय माहीत माझ्या पोटात काय शिजत होतं ते. मी आबांकडे जाऊन सांगू शकले असते, पण चुगल्या करणं ही तिची कला, माझी नव्हे. मी फक्त बॅग रिकामी आणणार होते. बाकीचं आबांचे हात करतील, याची मला खात्री होती. माझ्या हातात बॅग बघून ते गप्प बसणारच नाहीत. उचलतील, आणि सगळं तिथंच उघडं पडेल. मग तीही घरी, मीही घरी. फिट्टंफाट.

आईला सांगितलं, बॅग तिला वापरायला देतेय. आई म्हणाली, स्वतःचं जाणं गेलं, आता बॅगही वाट. मी मामाची बॅग उघडली. स्वेटर काढून कपाटात टाकला, पट्टे आवळले आणि निघाले.

बॅलार्ड पियरच्या धक्क्यावर ही गर्दी. हार, पेढे, रडारड. बाईंना वाटलं, मी तिला बॅग द्यायला आलेय; त्यांनी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, याला म्हणतात खिलाडू वृत्ती. मला हसावं की रडावं कळेना. मैत्रिणीनं आबांना बाईंपासून लांब, एका गोदामाच्या भिंतीशी नेऊन उभं केलं होतं. आबा कोट आणि काळी टोपी घालून आले होते, बरोबर तिची आई आणि काका. मी दिसताच आबांचा चेहरा उजळला. म्हणाले, इलंस? आता माका घोर नाय.

मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला. हे माझ्या हिशेबात नव्हतं. त्यांच्याकडे कुठलंही मोठं काम काढलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं देवाशी मोठ्यानं बोलायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला होकार भरायचा. आबांनी नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि त्या धक्क्यावर, साहेब-मडमांच्या गर्दीत, सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही दोन चेडवां साता समुद्रांपलीकडे जातत. तेंच्या वाटेतली इडापिडा दूर कर, एकमेकींक सांभाळून रवांदे, आणि दोघांकय सुखरूप घराक आण रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले, तिची आई म्हणाली. तीही म्हणाली, आवाज जरासुद्धा न कापता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाऱ्हाण्यात गप्प राहणारा माणूस म्हणजे अपशकुन. माझ्या तोंडून निघून गेलं, व्हय म्हाराजा.

भोंगा झाला. तिची आई आणि काका बोट बघायला पुढे गर्दीत शिरले. ती तिची ट्रंक हमालाकडे देऊन शिडीकडे निघाली, आमच्याकडे पाठ करून. आणि आबा वळले, माझ्या हातातली बॅग घेतली. अगदी मी ठरवलं होतं तसं.

त्यांनी जोर लावून उचलली होती, त्यामुळे ती एकदम छातीपर्यंत वर गेली. त्यांनी बॅगेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग शिडीकडे, तिच्या पाठीकडे. आता ओरडतील, आता तिला दंडाला धरून खाली आणतील. त्यांनी तिला हाक मारली. तीही दचकून वळली, पांढरीफटक पडली होती.

"कान बांध गो," आबा म्हणाले. "वारो लागात."

बस्स. एवढंच. तिनं पदर कानावरून घेतला आणि वर गेली.

तिनं दगा दिला तेव्हा इतकं लागलं नव्हतं. ज्या माणसाच्या कडकपणावर माझा सगळा भरवसा, तो माणूसच फितूर झाला. बोट सुटली, लोकांनी रुमाल हलवले, आबांनीही टोपी काढून हलवली. माझी बॅग दुसऱ्या हातात तशीच होती. मी मात्र हात हलवला नाही.

मला गोदामाआड थांबवून आबांनी तिच्या आईला काकांबरोबर पुढे पाठवलं आणि मग माझ्याबरोबर निघाले. मुलुंडला उतरलो. पूर्वेच्या रस्त्याला लागल्यावर मला राहवेना. मी रडत रडत सगळं सांगितलं, पाय, आंबेहळद, बाई, सगळं, आणि विचारलं, तुम्हाला कळलं होतं ना, मग का नाही अडवलंत?

ते चालायचे थांबले. "गाऱ्हाणा घालून झाला होता," म्हणाले. "तू पण व्हय म्हटलंस. आता देवाक काय सांगू, परत घेतलंय म्हणान?"

म्हणजे तिला बोटीवर चढवलं ते शेवटी माझ्याच तोंडानं. आमच्या दाराशी आल्यावर त्यांनी बॅग खाली ठेवली, भरलेली असावी तशी, हळूच. जरा घुटमळले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताका सांगू नको. वाटांदे ताका, बापूस फसलो म्हणान."

त्यांचा आवाज तेव्हा जॉबरचा नव्हता. मी मान हलवली, पण आतून जळत होते. हरलं कोण, तर मी. रागवायचाही हक्क गेला, कारण आता तिच्यापासून हे गुपित राखायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

ती परत आली. पहिल्याच फेरीत बाद होऊन आल्या चौघी. निदान माझी जागा घेऊन जिंकायचं तरी! दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली, रंगीत कागदातली चॉकलेटं घेऊन, गालावर तिकडची लाली. मला वाटलं, पाय कसा आहे म्हणून विचारील. निदान तेवढं तरी. तिनं दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, आबांना काही कळलं नाही ना गं?

मी तिच्याकडे बघितलं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य आजही माझ्या जिभेवर आहे.

"नाही," मी म्हटलं. "काही कळलं नाही."

ती सुटल्यासारखी हसली. आबा वारले तेव्हा मी भेटायला गेले होते, तर सगळ्यांना सांगत होती, आमचे आबा कडक होते, पण भोळे फार.