पोटावरचे खवले

आमचे शेजारी दादा वाडीच्या गोदामात हमाली करतात आणि सुट्टीला लोकांच्या घरांत निघालेले साप धरून जंगलात सोडतात. मी बाबांच्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकांवर अक्षरं गिरवलेली मुलगी. धरमपेठेतल्या, प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक मॅडमशी दादांची गाठ मीच घालून दिली. मग आम्ही तिघं सागाच्या जंगलात फिरू लागलो.

एका सकाळी पाचोळ्याखाली दादांना करंगळीएवढा तपकिरी साप सापडला. मॅडमनी भिंग लावून पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी मोजल्या. असल्या सापाला सतरा असतात, याला पंधरा. "हा कुठल्याच पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. नवी जात नोंदवायची तर एक साप मारून कायमचा जपावा लागतो. वनखात्याची परवानगी होतीच. त्या गाडीतून बरणी आणेपर्यंत दादांनी पिशवी उघडून साप सोडून दिला होता.

मी भडकले. विज्ञान, समाजाचं ज्ञान, सगळं ऐकवलं.

"काहून रागावून राहिली वं? काढ माह्यावर पत्रक. हमालाचा निषेध असो!"

मॅडम हसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "दादा, नाव नसलेल्या सापासाठी कोणी झाडं तोडायचं थांबत नाही."

परतीच्या वाटेवर दादा तोडलेल्या सागाच्या बुंध्यांपाशी थांबत चालले.

पुढच्या पावसाळ्यात ते स्वतःच पिशवी घेऊन मॅडमच्या दारात उभे राहिले. ओळी पंधराच होत्या. "तुमचं होऊ द्या," म्हणून पायरीवर पाठ करून बसले. मी शेजारी बसले.

आत बोलावल्यावर दादा हात धुऊन आले. मॅडम टाचणीनं पोटावरचे खवले मोजत होत्या, पण साठच्या पुढे दोनदा चुकल्या.

"द्या इकडं."

दादांनी टाचणी घेतली. "लाभ, दोन, तीन..."

गोदामात पहिल्या पोत्याला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. असल्या समजुतींविरुद्ध मी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्या दिवशी आकडा न् आकडा ऐकत राहिले. टाचणी एकेका खवल्यावर टेकत पुढं सरकली.

"एकशे त्रेपन्न."

"पुन्हा एकदा मोजायचे का?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, गोदामात माह्या मोजणीवर कोणी मोजत नाही."

मॅडमनी वहीत आकडा लिहिला. मोजणाऱ्याच्या जागी दादांचं पूर्ण नाव लिहिलं.