सूचक, अनुमोदक आणि परात

पाडव्याचा आदला दिवस. पितळेची भांडी चिंचेनं घासायला काढली. मोठ्या परातीच्या बुडाचे पोचे घासताना दरवर्षी माझं मत पक्कं होतं: माझ्या धाकट्या दिरांइतका नियमानं चालणारा माणूस मावळात दुसरा झाला नाही, आणि घरात असा एकच पुरे.

जिल्हा परिषदा नव्यानं झाल्या, वडगावला पंचायत समिती आली, आणि टाकव्याच्या पुढचं आमचं गाव व डोंगरावरची ठाकरवाडी मिळून एक ग्रामपंचायत झाली. भाऊजी सरपंच झाले. त्या दिवसापासून घरात सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय पान हलेना. "चहा व्हावा. सूचक मी," असं ओसरीवरून म्हणायचे आणि वाट बघत बसायचे. सूचना ओसरीची असेल तर अनुमोदन चुलीपासूनच यायला हवं, म्हणजे मागाहून कुणी कुरकुरायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. मग मी पिठाचा हात वर करायची. पिठल्यात मीठ कमी पडलं तर ते 'दुरुस्ती' सुचवत. त्यांच्या लग्नाचा विषय सासूबाई दर दिवाळीला मांडत आणि ते दर दिवाळीला तहकूब ठेवत. तो तहकूबच राहिला.

त्यातच शाळेची एक खोली मंजूर झाली. गावात बांधायची की वाडीत, ते ग्रामसभेनं ठरवायचं होतं. गावची शाळा निदान देवळात भरत होती. वाडीच्या पोरांना ओढा ओलांडून यावं लागे. पावसाळ्यात ती येतच नसत. सभेच्या आदल्या दिवशी भाऊजींनी दवंडीवाल्या आबांना विचारलं, "वाडीत दवंडी दिलीत ना?"

"वाडीत? बापजाद्यापासनं दवंडी येशीपातुर. वर कुटं जाऊ?"

मी कणीक मळायला बसले होते. भाऊजींनी परातीतलं पीठ सुपात ओतलं, परात आणि लाटणं उचललं आणि डोंगराची वाट धरली. शेजारी ओरडला, "सरपंच, दवंडी पिटता व्हय? उद्या झाडू बी मारा!"

"मारीन की. ठराव मांडा!"

त्या रात्री आम्ही भातावर भागवलं.

सभेला सगळी वाडी उतरली. एक म्हातारी मावशी उभी राहिली. "आमी बी तुमच्यातच हाये म्हनं. मंग खोली वर बांदा. तुमची पोरं देवळात तरी बसत्यात, आमची घरीच."

"सूचक मावशी," भाऊजी म्हणाले. "सूचना वाडीची, तर अनुमोदक गावचा हवा."

गावचे पुरुष चपलांकडे बघत होते. भाऊजींचा चेहरा उतरला. स्वतःच्याच नियमात ते अडकले होते. आम्ही बायका खांबामागे बसलो होतो. चहासाठी करायची तसाच मी हात वर केला. मागून मोठ्या जावेनं केला, मग शेजारणीनं. बायकांचे हात वर गेल्यावर पुरुषांनाही लाज वाटली.

खोली वाडीत झाली. परातीचं बूड मात्र लाटण्यानं पार ठेचलं. तांबट दारावरून जातो, पण मी ती त्याच्याकडे देत नाही. जरा डुगडुगते, कणीक मळता येते.

भाऊजी गेल्या पावसाळ्यात गेले.

पाडव्याच्या सकाळी त्याच परातीत पोळ्यांची कणीक मळली. हे शेतावर गेले होते. "चहा व्हावा. सूचक मी," मी चुलीपासून म्हटलं. ओसरीवरून अनुमोदन आलं नाही. नियमानं ठराव पडला. हात धुतले आणि चहाचं आधण ठेवलं.