पंधरा चिंचोके

आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळाचे कार्यवाह दरवर्षी जानेवारीत काचीगुड्याला माझ्या घरी येतात. चहा घेतात आणि म्हणतात, सुभेदारसाहेब, यंदाच्या अंकाला एखादी आठवण द्या, वाचून मुलांना स्फूर्ती मिळेल अशी. मी देतो. बर्फातली चौकी देऊन झाली, पुरातली बोट देऊन झाली, मेसमधल्या आचाऱ्याची गंमतही देऊन झाली. यंदाची आठवण स्फूर्तीची नाही. छापायची नसेल तर परत पाठवा, मी रागावणार नाही.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी आमची पलटण सिकंदराबादला आली. पीस पोस्टिंग होतं, म्हणजे सीमेपासून लांबची निवांत नेमणूक. सकाळी साडेपाचला पीटी, आठला परेड, दुपारी शस्त्रांची साफसफाई, संध्याकाळी खेळ. मी तेव्हा नायक होतो. आजोबा उदगीरकडची शेती सोडून हैदराबादला आलेले, वडील रेल्वेत. म्हणजे पलटण माझ्याच गावात आली होती, आणि मी गावच्या पाटलासारखा मिरवत होतो. आबिड्सला कापड कुठं घ्यायचं, चहा कुठं प्यायचा, सगळे मलाच विचारायचे.

माझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे दहा जणांच्या तुकडीत, लान्स नायक दत्ता शेळके होता. पुरंदरकडचा, बुटका, काटक, बोलायला कमी. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान म्हणून मला दादा म्हणायचा. पलटणीतली बाकीची मंडळी सातारा-पुण्याकडची. मी ‘नक्को’ किंवा ‘परेशान’ म्हटलं की हसायची. शेळके हसायचा नाही. तो म्हणायचा, दादांच्या मराठीत चिंच जरा जास्त पडलीय, पण लागते चांगली.

शेळके पेसर होता, म्हणजे पावलं मोजणारा. जंगलात नकाशावर चालायचं तर दोन माणसं लागतात. एक कंपास धरून दिशा सांभाळतो, दुसरा अंतर सांभाळतो. डावा पाय पडला की एक. शेळकेची मोकळ्या जमिनीवर शंभर मीटरला चौसष्ट पावलं व्हायची, झाडीत बहात्तर. शंभर मीटर झाले की तो उजव्या खिशातला एक खडा डाव्या खिशात टाकायचा. खड्यांनी खिसे फाटायचे. एका रविवारी तो आमच्या घरी जेवायला आला, तेव्हा आईनं त्याचा खिसा शिवून दिला आणि डब्यातले चिंचोके दिले. म्हणाली, खडे कशाला वागवतोस बाबा, हे घे, हलके आहेत. त्यानं नीट निवडून पंधरा घेतले. तेव्हापासून त्याच्या खिशात पंधरा चिंचोके असायचे, ना एक कमी ना एक जास्त.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर ब्रिगेडच्या ओरिएंटियरिंग स्पर्धा लागल्या. प्रत्येक पलटणीच्या जोड्या. नकाशा, कंपास आणि एक कार्ड द्यायचे. फोन आणि घड्याळातलं जीपीएस जमा. जंगलात आठ ठिकाणी नारिंगी-पांढरी निशाणं लावलेली, त्यांना कंट्रोल म्हणतात. क्रमानं एकेक शोधायचं, तिथल्या पंचनं कार्डाला भोक पाडायचं, वेळ टिपायची आणि पुढं निघायचं. आमच्या कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी आदल्या दिवशी बोलावून सांगितलं, नकाशा-वाचनाच्या इन्स्ट्रक्टर कोर्सची एक जागा आली आहे. दोघांची नावं समोर आहेत. उद्याचं काम बघून एक नाव पाठवीन. शेळकेला त्या कोर्सची फार आस होती. कोर्स झाला की नायकाची फीत जवळ येणार होती. मलाही हवा होता, खोटं कशाला बोलू.

आम्ही सहा वाजून दहा मिनिटांनी सुटलो. शहराबाहेरचा सराव-इलाखा. निलगिरी, सुबाभूळ, मध्येच सीताफळीची दाट झुडपं, आणि जिकडंतिकडं आमच्या हैदराबादचे ते काळे-करडे धोंडे, एकावर एक रचून ठेवल्यासारखे. पहिले पाच कंट्रोल आम्ही एक तास दोन मिनिटांत पाडले. आम्ही पहिल्या नंबरावर होतो, हे मागाहून कळलं.

पाच ते सहा हा टप्पा नऊशे मीटरचा होता, सगळा दाट झाडीतून. साडेसहाशेच्या सुमाराला एक नाला लागला. उतरताना शेळके घसरला, ढोपर फुटलं, पण उठून लगेच चालू लागला. पुढं एका सीताफळीपाशी तो थांबला.

“दादा, नऊ झाले,” तो म्हणाला. “इथंच कुठंतरी आहे. दहा मिनिटं गोल फिरून बघू.”

शिकवलेलं तसंच आहे. मोजणी संपली की थांबायचं, तिथं खूण करायची आणि तिच्याभोवती गोल वाढवत शोधायचं. शेळकेनं बुटाच्या टाचेनं जमिनीवर फुली ओढलीही. नकाशावर सहावा कंट्रोल एका मोठ्या धोंड्याच्या पायथ्याशी होता. मला झाडांतून पुढं एक मोठा धोंडा दिसला आणि एकदम ओळखीचा वाटला. लहानपणी काकांबरोबर याच बाजूला सीताफळं काढायला आलो होतो, याच धोंड्यावर चढलो होतो, असं डोक्यात घट्ट बसलं. मी म्हणालो, तो बघ, तोच. शेळके म्हणाला, तो तीनशे मीटर पुढं आहे, दादा, माझी मोजणी इतकी चुकत नाही.

“हे माझं गाव आहे,” मी म्हणालो. “तू मला हैदराबादचे दगड शिकवतोस काय? चल.”

तो आला. नायकानं सांगितल्यावर लान्स नायक येणारच.

त्या धोंड्याशी काही नव्हतं. पलीकडच्याशीही नव्हतं. वीस मिनिटं आम्ही धोंड्यामागून धोंडे पालथे घातले. मी शेळकेला तिथंच थांबायला सांगितलं आणि एकटा मागं आलो. जोडी फोडणं नियमात बसत नव्हतं, पण नियमाचं तेव्हा कोण बघतो. मी थेट त्याच्या फुलीशी आलो. फुलीपासून चोवीस पावलांवर, सीताफळीच्या मागं एका खोलगट जागेत धोंडा होता आणि त्याला निशाण लटकत होतं. दहा मिनिटं कशाला, दोन मिनिटं फिरलो असतो तरी सापडलं असतं. मी पंच मारला. मग परत फुलीशी आलो आणि ती बुटानं पुसून टाकली.

ती का पुसली, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. पुसायची काही गरज नव्हती. सातवा कंट्रोल पुढच्या अंगाला होता, शेळके परत तिथं येणारच नव्हता. पण पुसली. म्हणजे काय बोलायचं ते माझं तिथंच ठरलं होतं.

परत येऊन मी त्याला सांगितलं, नाल्याजवळच होता, आपण कधीच ओलांडून आलो होतो, तुझे दोन-अडीचशे मीटर कुठंतरी गळाले. त्यानं डाव्या खिशातले चिंचोके काढून हातावर घेतले. नऊ. पुन्हा मोजले. मग म्हणाला, नाल्यात घसरलो ना, तेव्हाच हिशेब तुटला असणार. माझ्यासाठी सबबही त्यानंच शोधून दिली.

आम्ही सहावे आलो. मेजरसाहेबांनी दोघांना समोर उभं केलं.

“पाच ते सहा, एक्केचाळीस मिनिटं. काय झालं?”

“सर, पेसिंगमध्ये चूक झाली,” मी म्हणालो.

“शेळके?”

“जी सर. चूक माझी.”

एवढंच झालं, अर्ध्या मिनिटात. साहेबांनी मान हलवली आणि वर माझं कौतुकही केलं, की चुकलेला टप्पा मी सुधारून घेतला. कोर्सला मी गेलो. कोर्स उत्तम झाला, मला ‘ए’ ग्रेड मिळाली, आणि पुढं ट्रेनिंग सेंटरवर पोस्टिंगही, तिथं शिकवणारा म्हणून जवान मला उस्ताद म्हणू लागले. शेळके सेक्शनमध्येच राहिला.

कोर्सला निघेपर्यंतचे दोन महिने मी त्याला बघत होतो. तो आता दोनदा मोजायचा, चिंचोक्यांवर आणि बोटांच्या पेरांवर. सरावात थांबला की आधी माझ्याकडं बघायचा आणि विचारायचा, दादा, तुमचं किती आलं? पूर्वी तो कुणालाच विचारायचा नाही. मी ‘बरोबर आहे’ म्हणायचो. त्यापलीकडं मला एक वाक्य बोलता आलं असतं. रोज उद्यावर ढकललं. मग माझी गाडी सुटली आणि दोन वर्षांनी पलटण पूर्वेकडच्या डोंगरात गेली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सेक्शनच्या रेडिओ ऑपरेटरनं मला सांगितलं, त्यानं सांगितलं तसं लिहितो.

आठ जणांची गस्त परतत होती. बांबूचं दाट रान, पाऊस थांबलेला, धुकं इतकं की पुढच्या माणसाची फक्त पाठ दिसत होती. जीपीएस सिग्नल धरत नव्हतं. नकाशाप्रमाणं शेवटच्या ओढ्यापासून अकराशे मीटर चालून डावीकडं वळायचं होतं, कारण त्यापुढं कडा होता. दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी शेळकेनं हात वर करून सेक्शन थांबवलं. ऑपरेटरनं बेसला कळवलं.

“पेसर म्हणतो अकराशे पूर्ण. इथून डावीकडं वळतोय. ओव्हर.”

“खात्री करा. कडा दिसतोय का? ओव्हर.”

“निगेटिव्ह. धुकं आहे. ओव्हर.”

सेक्शन कमांडर वळायला तयार होता. त्याचा शेळकेवर भरवसा होता. पण शेळके म्हणाला, “थांबा. माझी मोजणी एकदा अडीचशेनं चुकलेली आहे. इथं चुकीचं वळलो तर सगळे भलत्याच दरीत उतरू. मी पुढं जाऊन बघतो.” कमांडर दोर बांध म्हणाला. शेळके म्हणाला, कडा अजून लांब असेल, जवळ आला की बांधतो.

तो बावीस पावलं गेला. बावीस हा आकडा नंतर मोजलेला आहे. कडा नकाशात होता तिथंच होता.

तीन वाजून बारा मिनिटांनी बेसला संदेश गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वर आणला. ऑपरेटर मला म्हणाला, उस्ताद, खिशात चिंचोके होते. मी विचारलं, किती? त्याला प्रश्न विचित्र वाटला असणार. तो म्हणाला, त्याच्या सामानाची लिस्ट मीच केली होती, म्हणून लक्षात आहे. उजव्या खिशात चार, डाव्यात अकरा.

मी त्याच्या गावी गेलो. युनिफॉर्म घालून, फुलं घेऊन. लोकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी बोललो, तो किती काटेकोर होता, किती शिस्तीचा होता. सुनंदावहिनी, त्याची बायको, डोक्यावरचा पदर धरून ऐकत होत्या. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. मला त्या भाषणाची जितकी लाज वाटते तितकी फुली पुसल्याचीही वाटत नाही.

नंतर मी सुभेदार झालो, रिटायर झालो. दिवाळीला वहिनींना फोन करायचो. यंदा मुलीला हैदराबादच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. वहिनी तिला घेऊन काचीगुड्याला उतरल्या आणि आमच्याकडंच राहिल्या, दुसरीकडं कुठं जाणार. माझी बायको मुलीला घेऊन पुस्तकं आणायला आबिड्सला गेली. घरात आम्ही दोघंच होतो. वहिनी चिंच निवडत बसल्या होत्या, चिंचोके बाजूला काढत. सहज म्हणाल्या, हे सुट्टीवर आले की घरापासून एसटी स्टँडपर्यंत पावलं मोजायचे, ठाऊक आहे? सहाशे दहा. दरवेळी सहाशे दहा. पाऊस असो, चिखल असो. घरी येऊन म्हणायचे, बघ, बरोबर येतंय की, मग हैदराबादला काय झालं होतं कुणास ठाऊक.

मी सगळं सांगितलं. फुली, चोवीस पावलं, साहेबांसमोरचं अर्धं मिनिट. सांगताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही, परातीकडं बघत होतो. त्यांचे हात थांबले.

“मला काय सांगताय, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांगायचं होतंत.”

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा चिंच निवडायला घेतली. त्या म्हणाल्या, पलटणीत अजून म्हणत असतील, शेळके एकदा चुकला होता. तुम्ही माफी मागू नका, ती मला नक्को. ते तेवढं पुसा. नक्को हा शब्द त्यांनी आमच्या घरात चार दिवसांत उचलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीला हॉस्टेलवर सोडून परस्पर स्टेशनवर गेल्या. मला येऊ नका म्हणाल्या, मीही गेलो नाही. दिवाळीला फोन केला तेव्हा त्यांनी उचलला नाही.

मी पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरना पत्र लिहिलं. रँक, नंबर, सही, सगळं घालून. कार्ड कुणी पंच केलं, खूण कुणी पुसली, साहेबांना खोटं कुणी सांगितलं. उत्तर आलं, दोन ओळींचं. पत्र रेकॉर्डला लावलं आहे आणि सैनिक संमेलनात वाचून दाखवलं आहे. मला बरं वाटावं असं त्यात काही नव्हतं, आणि असायलाही नको होतं.

दरवर्षी मंडळाच्या कार्यक्रमात आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतो. कुणासाठी, ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना नेमकं ठाऊक नसतं. यंदा उभे राहाल तेव्हा एक नाव मी देतो. लान्स नायक दत्तात्रय शेळके, सेक्शनचा पेसर. त्याची मोजणी बरोबर होती. त्या कड्यापाशी, आणि इथं हैदराबादलाही.