आईच्या मापाचा आडाळो

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पुण्यात प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला होते. डॉक्टरांनी तिला एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली होती : आता जमिनीवर बसायचं नाही, कायमचं. आईने मान डोलावली. रिक्षात बसल्यावर मात्र मला म्हणाली, "आणि नारळ कोण कातीत? डॉक्टर?"

आमचं घर मसुऱ्याला. नारळाशिवाय आमच्याकडे सकाळ जात नाही, आणि नारळ खवायचा, आमच्या बोलीत कातायचा, तो आडाळ्यावर. घाटावर याला विळी म्हणतात : खाली लाकडी पाट, त्यावर उभं वाकडं पातं, पात्याच्या टोकाला दातेरी चकती. हे सगळं जमिनीवर बसून चालतं. बाबांनी कणकवलीहून ओट्याला चिकटणारं, हाताने फिरवायचं एक यंत्र आणलं. त्यात खोबऱ्याबरोबर करवंटीचा भुगाही यायला लागला. मग मिक्सर. आईने त्या वाटपाची, म्हणजे वाटलेल्या खोबऱ्याची, आमटी केली, स्वतःच एक घास घेतला आणि ताट थोडं पुढे सारलं. "मिक्सरातला खोबरां ता खोबरां न्हय," एवढंच म्हणाली.

त्याच सुमाराला कॉलेजात आम्हाला काम मिळालं. रोजच्या वापरातली एक वस्तू घ्यायची, ती अशीच का आहे ते शोधायचं, आणि मग एकाच माणसासाठी ती बदलायची. शेकडो लोकांसाठी नाही, एकासाठी. मी आधी शाळेच्या दप्तराचा विचार केला होता. तो सोडून आडाळ्याचं नाव सांगितलं, तेव्हा आमच्या मॅडम हसल्या. त्या विदर्भातल्या. "आमच्याकडे नारळ देवापुढे फुटतो तेवढाच. मला यातलं काहीच माहीत नाही. म्हणजे मला सगळं तूच समजावून सांगायचं."

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. पहिल्याच दिवशी आईला विचारलं, "आये, तू आडाळ्यार बसतंस कशी?"

"कशी म्हणजे? बसाचा आणि कातूचा!"

"पण पाय खंयचो पाटार?"

आई सांगायला गेली आणि अडखळली. आधी उजवा म्हणाली, मग डावा. शेवटी मीच आडाळो ओढून जमिनीवर बसले आणि ती समोर खुर्चीवर. मी एक पाय दुमडला की ती म्हणायची, "असो नाय." दुसरा दुमडला तरी "असो पण नाय." मग तिने डोळे मिटले, हातात नसलेली नारळाची कवड, म्हणजे फोडलेली अर्धी वाटी, दोन्ही हातांनी धरली आणि हवेतच खवायला लागली. खवताखवता तिचा उजवा हात आपोआप उजव्या मांडीवर गेला.

"ह्यो," डोळे उघडून ती म्हणाली. "ह्यो पाय पाटार. जल्म गेलो बसण्यात, आणि माकाच म्हायत नाय बघ!"

तिला स्वतःचंच इतकं नवल वाटलं, की संध्याकाळी बाबा बागेतून आल्या आल्या तिने त्यांना विचारलं, "तुमी माडार चढताना आधी खंयचो पाय टाकतास?" बाबांनाही सांगता येईना. ते अंगणातल्या माडाकडे बघत राहिले, आणि आम्ही दोघी हसत राहिलो.

तिने सांगितलं तसं बसून मी खवलं. पाय उचलला की पाट मागून उठायचा, पाय ठेवला की घट्ट बसायचा. आडाळो तसा हलका. त्याला धरून ठेवणारं वजन माणसाचं असतं. माणूस उठला की ती वस्तू अर्धीच उरते. हे मला कॉलेजात कोणी सांगितलं असतं तर मी लिहून घेतलं असतं आणि विसरले असते.

तरी पहिला प्रयोग चुकलाच. मला वाटलं, वजनाचं काम क्लॅम्प करील. बाजारातून नवं पातं आणलं, आमच्या वाडीतल्या सुताराने ते एका फळीवर ठोकून दिलं, आणि फळी दोन क्लॅम्पनी ओट्याला आवळली. आई उभी राहून खवायला लागली. फळी जरासुद्धा हलली नाही. मी खूश. पण थोड्याच वेळात आईची कोपरं खांद्यापर्यंत वर आली, खोबरं परातीऐवजी तिच्या गळ्यावर उडायला लागलं.

"खांदो दुखता गो," ती म्हणाली. "माका वाटता मी भिंतीर काय तरी खरवडतंय."

आता ते मला दिसलं. जमिनीवर बसलं की पातं पोटासमोर येतं, हात वरून खाली जातात, कवडीच्या आत डोकावता येतं. ओट्यावर पातं छातीशी आलं होतं. घट्ट धरणं आणि नीट उंचीवर धरणं, ही दोन कामं तिची मांडी एकदमच करत होती, आणि मी त्यातलं एकच उचललं होतं.

मग नमुन्यासाठी पुठ्ठे कापले. खुर्चीवर लांब पट्टी ठेवायची, तिच्या मागच्या भागावर आईने बसायचं, आणि पुढच्या टोकाला पातं. दोन गुडघ्यांच्या मधून पट्टी पुढे काढली तर आई बसेचना. "घोड्यार बसल्यासारख्या? कोणी बघल्यान तर?" मी पट्टी उजव्या मांडीच्या बाहेरून काढली. लाज गेली, पण आता कमरेत वळावं लागत होतं. गुडघा वाचवायचा आणि कंबर घालवायची, हा सौदा काही बरा नव्हता. तरी सुताराकडून फणसाच्या लाकडाची लांब फळी करून घेतली, पातं त्यावर बसवलं, म्हटलं बघू तरी.

त्या दिवशी खुर्ची पडवीत मांडली होती. पुढे छोट्या स्टुलावर परात. आई फळीवर बसली, पदर खोचला, नारळ फोडला आणि सुरुवात केली. मी बाजूला उभी राहून मोबाइलवर चित्रण करत होते. पहिली कवड खवताना ती सारखी उजवीकडे वळत होती. दुसऱ्या कवडीच्या मध्यावर ती वळायची थांबली. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण मी तिच्या हातांकडे बघत होते. मग खाली बघितलं तर फळी खुर्चीवर तिरकी झाली होती. मागचं टोक बाहेर सरकलं होतं आणि पातं तिच्या पोटासमोर आलं होतं.

मी ती सरळ करायला वाकले.

"हलवू नको गो," आई न थांबता म्हणाली. "आता बरा चल्लाहा."

"तू तिरकी केलंस?"

"मी खंय काय केलंय? मी कातंतंय."

तिने केलं नव्हतं, मीही केलं नव्हतं. तिने खवता खवता शरीराला सोयीचं ते करून घेतलं होतं आणि फळी सरकली होती. मी पेन्सिलीने खुर्चीवर फळीच्या दोन्ही कडांच्या रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी फळी पुन्हा सरळ ठेवून तिला बसवलं. फळी सरकत सरकत जवळपास त्याच रेघांवर आली. मला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. मी रेघांवर बोट ठेवून दाखवत होते आणि आई म्हणत होती, "ता ऱ्हवांदे, आधी वाटप काढूक दे."

पुण्याला परतल्यावर मी फळीच्या खाली तोच कोन धरून दोन पट्ट्या बसवल्या, म्हणजे ती खुर्चीवर तिरकीच बसेल. कडा गोल केल्या. परीक्षेला बाहेरून आलेल्या एका सरांनी फळी उलटसुलट करून पाहिली. "बाजारात हे कोण घेईल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझी आई." वर्ग हसला, तेही हसले. मग म्हणाले, "आणि दुसऱ्या घरात खुर्ची उंच असली तर?" मी प्रश्न वहीत लिहून घेतला. मार्क बरे पडले, फार नाहीत. मॅडमनी मात्र जाताना गाठून विचारलं, "फळी तिरकी झाली ते कळलं. पण तेवढीच का झाली?" मी उजव्या हाताचं, जोराचं काहीतरी सांगितलं. त्यांना पटलं नाही, मलाही नाही.

आंगणेवाडीच्या जत्रेला फळी घेऊन घरी आले. जत्रा म्हणजे आमच्या घरी पाहुण्यांची रीघ, आणि पाहुणे म्हणजे नारळांचा ढीग. आई सकाळपासून पडवीत खुर्चीवर बसून खवत होती. येणारा जाणारा थांबून बघत होता. तिला ते आवडत होतं. कुणी विचारलं की हात न थांबवता, माझ्याकडे मान वळवून सांगायची, "आमच्या चेडवान केल्यान." मासे मात्र तिला त्या फळीवर कापता येत नव्हते, पाणी थेट मांडीवर गळायचं. म्हणून बाबा जुना आडाळो घेऊन परसात बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा बांगडे कापत होते. आई पडवीतून ओरडून सूचना देत होती. बांगड्यांची दशा बघवत नव्हती, पण कालवण झालं.

दुपारी माझी आते आली. तिचेही गुडघे गेलेले. तिने आईला उठवलं, स्वतः फळीवर बसली, कवड हातात घेतली, आणि माझ्याकडे बघितलं.

"बाय, माझो हात डावो. माका ह्या उलट्या पडता."

मी खालच्या पट्ट्या स्क्रू काढून सोडवल्या, फळी डाव्या मांडीच्या बाहेरून काढली आणि मोकळी ठेवली. म्हटलं, जाऊ दे जिथे जायची तिथे. मला खात्री होती की आईच्या रेघांच्या नेमकी उलट, आरशात दिसावी तशी ती बसेल. आते खवायला लागली. फळी थोडीशी सरकली आणि थांबली, जवळजवळ सरळच. आतेची कंबर मुळीच वळली नव्हती. ती मजेत खवत होती, गप्पा मारत होती, खोबरं नीट परातीत पडत होतं.

मी खाली बसून फळीकडे बघत राहिले. आई येऊन माझ्या मागे उभी राहिली, तिनेही वाकून पाहिलं.

"हिची कित्या सरळ?" तिने विचारलं.

"काय म्हायत," मी म्हटलं, आणि पेन्सिल शोधायला आत गेले.